‘पीप’ वाजला म्हणजे हिरा? खिशातल्या डायमंड टेस्टरची पारख

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोन्याबद्दल कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये. गाडगीळांची पेढी इथे १८३२ मध्ये सुरू झाली, विटा-खानापूरकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, आणि हळदीचे पैसे हातात आल्यावर कट्ट्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकालाही टंच, घट, मजुरी हे शब्द तोंडपाठ असतात. हिऱ्याचं तसं नाही. सोनं कसोटीवर घासता येतं, गाळता येतं, शुद्धता मोजणाऱ्या टंच मशीनखाली धरता येतं. हिरा कसोटीवर घासला तर ओरखडा कसोटीलाच पडतो. टंच मशीन एक्स-रेने धातू ओळखतं, कार्बन त्याला दिसतच नाही. म्हणून काउंटरखालून दुसरंच एक यंत्र निघतं. काळं, जाड मार्कर पेनाएवढं, पुढे तांब्याचं बारीक टोक. “ताई, मशीन लावून दाखवतो.” टोक खड्यावर टेकतं, दिवे हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लालमध्ये चढतात, पीप वाजतो, आणि पर्स उघडते.

हाच टेस्टर आता ऑनलाइन साधारण हजार-दीड हजारात कुणालाही मिळतो. एकच साचा, वर दहा वेगवेगळी नावं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दिव्यांची रांग, बाजूला एक फिरतं चाक, पाठीवर बारीक अक्षरातला तक्ता. तो घरी असावा का आणि दुकानात त्याने ‘हिरा’ म्हटलं तर कितपत मानावं, हे दोन प्रश्न आहेत. झिरकॉन म्हणजे अमेरिकन डायमंड आणि काच पकडायला तो पैसे वसूल करतो. मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यापुढे तो आंधळा आहे. लॅब-ग्रोन म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या खड्याला तो हिरा म्हणतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मशीन खोटं बोलत नाही असं दुकानदार म्हणतात ते बरोबरच. पण गिऱ्हाईक विचारतं “खाणीतला खरा हिरा आहे का?” आणि मशीनला एवढंच कळतं की खड्याने उष्णता किती भरभर ओढून घेतली.

टोकाच्या आत बारीक हीटर असतो. टोक खड्याला लागलं की उष्णता खड्यात जाते, टोक थंड पडतं, आणि ते किती थंड पडलं यावरून दिवे चढतात. हिरा उष्णता वाहून नेण्यात तांब्यालाही मागे टाकतो. तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, चांगल्या हिऱ्याचा २,००० च्या आसपास. पांढरा नीलम म्हणजे व्हाइट सफायर ३५-४० वर अडकतो, अमेरिकन डायमंड जेमतेम २-३ वर, आणि काच एकवर. हिरा आणि अमेरिकन डायमंड यांच्यात शेकडो पटींचं अंतर असल्यामुळे स्वस्तातलं यंत्रसुद्धा तिथे चुकत नाही. चुकतो तो वापरणारा.

सगळ्यात जास्त गडबड चाकावर होते. टेस्टर सुरू केला की तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, टोक तापायला अर्धा मिनिट तरी द्यायचा. मग चाक फिरवून सुरुवातीचे दिवे किती पेटलेले ठेवायचे ते पाठीवरच्या तक्त्यात बघायचं. तक्त्यात दोन गोष्टी जुळवायच्या असतात, खोलीचं तापमान आणि खड्याचा आकार. पाच सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) आतला खडा, त्यापुढे अर्ध्या कॅरेटपर्यंतचा आणि अर्ध्या कॅरेटच्या वरचा, अशा तीन पट्ट्या बहुतेक मॉडेलांवर असतात. लहान खड्यात उष्णता साठवायला जागाच नसते, तो लगेच तापतो आणि ओढायचा थांबतो, म्हणून त्याला जास्त संवेदनशील सेटिंग लागतं. उलट मोठ्या खड्यावर तेच सेटिंग ठेवलं तर पांढरा नीलमसुद्धा पिवळ्या-लालच्या हद्दीपर्यंत चढतो. एप्रिल-मेमधली सांगलीची दुपार आणि एसी लावलेलं शोरूम यांत तक्त्याचा रकाना बदलतो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात.

फसवायचं असेल तर युक्तीही याच चाकात आहे. सुरुवातीलाच निम्म्याच्या वर दिवे पेटते ठेवले की कशावरही पीप वाजतो. त्यामुळे दुकानात मशीन निघालं की शांतपणे म्हणावं, “दादा, आधी काउंटरच्या काचेवर लावून दाखवा.” काचेवर एकही दिवा पुढे सरकता कामा नये. मग त्यांच्याकडच्याच एखाद्या अमेरिकन डायमंडच्या अंगठीवर आणि शेवटी आपल्या खड्यावर. चांगला सराफ यावर रागवत नाही. तो स्वतःच आधी काचेवर लावतो.

टोक लावायचं ते खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर, ज्याला टेबल म्हणतात, अगदी काटकोनात. तिरकं टेकलं की संपर्क अर्धवट होतो आणि अस्सल हिराही हिरव्यातच रेंगाळतो. दाब हलका ठेवावा. टोक तांब्याचं असल्याने हिऱ्याला काही होत नाही, पण टोकच वाकतं, आणि वाकलेलं टोक सरळ करायच्या नादात ते तुटतं. यंत्राच्या अंगावर धातूची पट्टी असते, तिच्यावर बोट टेकलेलं हवं आणि दुसऱ्या हातात दागिना थेट बोटांनी धरलेला हवा. टोक चुकून सोन्याला लागलं तर आपल्याच शरीरातून सर्किट पूर्ण होतं आणि वेगळा, लांबलचक आवाज येतो, म्हणजे ‘हा धातू आहे, खडा नाही’. दागिना रुमालात, चिमट्यात किंवा डबीत ठेवून टेस्ट केली तर ही सूचना मिळत नाही, आणि सोनं-चांदी उष्णता झपाट्याने ओढत असल्यामुळे दिवे लालपर्यंत जाऊ शकतात. बारीक खड्यांच्या अंगठीत खोट्या ‘हिरा’ निकालाचं हे नेहमीचं कारण.

बारीक खडा म्हणजे किती बारीक, तेही पाहू. एक सेंटचा गोल हिरा १.३ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याचं टेबल जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. त्याच्या भोवती चारही बाजूंनी सोन्याचे दाणे. पेनाचं टोक त्यावर नेमकं बसवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं काम आहे, तेही दुसऱ्या माणसाचा हात हलत असताना. पेंडंटमध्ये असे चाळीस खडे असतील तर दुकानदार दोन तपासतो आणि बाकीचे त्यांच्या भरवशावर जातात. तपासायचेच असतील तर मधले, कडेचे आणि मागच्या ओळीतले असे विखुरलेले आठ-दहा तरी घ्यावेत. एकाच खड्यावर लागोपाठ टोक टेकवू नये. खडा तापलेला राहतो आणि दुसऱ्यांदा खराही खोटा दाखवतो. मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावा. बोटातून नुकतीच काढलेली किंवा उन्हातून आणलेली अंगठीही थोडा वेळ काउंटरवर निवू द्यावी, आणि पंखा थेट टोकावर येत असेल तर बंद करावा.

तेल, साबण, हळद-कुंकू यांचा थर हा आणखी एक शत्रू. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, आणि रोज वापरातल्या कुड्यांच्या किंवा चमकीच्या मागे तर पेस्टच झालेली असते. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून वीस मिनिटं भिजवावं, मऊ टूथब्रशने मागच्या बाजूने घासावं, धुऊन पूर्ण कोरडं करावं आणि मगच टेस्ट करावी. वॉशबेसिनवर धुवायचं नाही, वाटीत धुवायचं. सैल खडा निघाला तर तो वाटीत सापडतो. जुन्या दागिन्यांची निम्मी ‘पाणी गेलंय’ ही तक्रार याच वाटीत मिटते. बॅटरी उतरली असेल तर निकाल भरकटतो, म्हणून दिवे मंद वाटले की आधी बॅटरी बदलावी.

एवढं सांभाळलं की टेस्टर अमेरिकन डायमंड, काच, पांढरा पुष्कराज, स्फटिक, पांढरा नीलम हे सगळे बाजूला काढतो. अमेरिकन डायमंडला आपल्याकडे सर्रास झिरकॉन म्हणतात. खरं तर झिरकॉन हे वेगळंच नैसर्गिक खनिज आहे. दुकानात मिळतो तो क्युबिक झिरकोनिया, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर बनू लागलेला कारखान्याचा माल. पण कट्ट्यावर हा भेद सांगत बसलं तर कुणी ऐकत नाही, आणि पैशाच्या दृष्टीने फारसा फरकही पडत नाही.

खरी अडचण मॉयसनाइटची, बोलीत मोजोनाइटची. हा सिलिकॉन कार्बाइड. हेन्री मॉयसन यांना तो १८९३ मध्ये उल्केच्या तुकड्यात सापडला म्हणून हे नाव. दागिन्यातला सगळा माल मात्र प्रयोगशाळेत वाढवलेला आहे आणि तो १९९८ पासून बाजारात आला. उष्णता तो इतकी झपाट्याने ओढतो की साधा पेन टेस्टर बिनदिक्कत लालमध्ये जातो. ‘मशीन लावून घेतलंय’ एवढ्याच जोरावर घेतलेला खडा पुढे दुसऱ्या दुकानात मोजोनाइट निघाला, तर त्यात मशीन बिघडलेलं नसतं. जे मशीन लावायला हवं होतं ते लावलेलं नसतं.

ते दुसरं मशीन म्हणजे मल्टी टेस्टर. तो उष्णतेबरोबर वीजही तपासतो. मॉयसनाइटमधून बहुधा थोडी वीज वाहते, बहुतेक हिऱ्यांमधून नाही. किंमत पेनापेक्षा बरीच जास्त, आणि दागिने नेहमी घेणाऱ्या-विकणाऱ्यांनाच परवडण्यासारखी. तोही शंभर टक्के नाही. हल्ली असा मॉयसनाइट येतो ज्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. उलट बोरॉन असलेले हिरे, निळे नैसर्गिक आणि काही एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब-तापमानाच्या पद्धतीचे लॅब-ग्रोन, वीज वाहू देतात आणि मशीन त्यांनाच मॉयसनाइट ठरवतं. त्यामुळे ‘मॉयसनाइट’ असा निकाल आला तरी लगेच भांडायला उठू नये, भिंग काढावं.

भिंग म्हणजे दहापट मोठं दाखवणारा, तीन काचांचा ट्रिपलेट लूप. तीन-पाचशे रुपयांपासून मिळतो. टेस्टर आणि लूप यांतलं एकच घ्यायचं असेल तर लूप घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त तो धरायची पद्धत बदलायला हवी. बहुतेक जण लूप खड्याजवळ धरून डोळा लांब ठेवतात आणि काही दिसलं नाही म्हणतात. लूप डोळ्याला चिकटवायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, आणि खडा हळूहळू जवळ आणत साधारण इंचभरावर स्थिर करायचा. दोन्ही हातांची मनगटं एकमेकांना टेकवली की थरथर थांबते.

मॉयसनाइट ओळखायची खूण ही की त्यातून आरपार पाहिलं तर पलीकडच्या रेषा दुहेरी दिसतात. प्रकाशाचा किरण आत गेल्यावर दोन भागांत फुटतो, आणि हा फरक ०.०४३ इतका असल्याने दहापट भिंगाला सहज दिसतो. हिऱ्यात किरण फुटत नाही. पण टेबलमधून सरळ खाली पाहिलं तर दुहेरी रेषा दिसणार नाहीत, कारण खडा कापतानाच ती दिशा टाळलेली असते. खडा तिरका करून टेबलच्या भोवतालच्या पतंगाच्या आकाराच्या पैलूंतून पाहायचं, आणि समोरच्या तळाकडच्या पैलूंच्या कडांवर नजर धरायची. प्रत्येक कड दोन दोन, जणू चष्म्याचा नंबर चुकलाय. हिऱ्यात तीच कड एकच आणि धारदार. शिवाय मॉयसनाइटमध्ये कधी कधी पांढऱ्या सुयांसारख्या बारीक समांतर रेषा असतात. त्याची इंद्रधनुषी फाक हिऱ्याच्या दुपटीहून जास्त, ०.१०४ विरुद्ध ०.०४४, म्हणून पिवळ्या स्पॉटलाइटखाली तो डिस्कोसारखा रंग उधळतो. शोरूमचे दिवे याच्या सोयीचेच असतात. खडा घेऊन दुकानाच्या दाराशी, उन्हात नव्हे, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात यावं. हिरा तिथे मुख्यतः काळा-पांढरा चमकतो, मधूनच रंगाची एखादी ठिणगी.

अमेरिकन डायमंड लूपखाली वेगळ्याच कारणाने पकडला जातो. तो अतिस्वच्छ असतो. आत ठिपका नाही, रेघ नाही. पैलूंच्या कडा किंचित गोलसर, आणि वर्षभर वापरलेला असेल तर टेबलवर ओरखडे, कारण त्याची कठीणता ८ ते ८.५ आणि घरातल्या धुळीत ७ कठीणतेची वाळू भरपूर. काचेत गोल बुडबुडे दिसतात. नैसर्गिक हिऱ्यात बारीक ठिपके, पिसासारख्या चिरा, क्वचित गर्डलवर म्हणजे खड्याच्या कंबरेवर मूळ स्फटिकाचा न घासलेला तुकडा राहिलेला दिसतो. सात खड्यांच्या कुड्या चार-पाच हजारात आणि सगळे खडे लूपखाली निर्मळ, असं असेल तर आनंदी व्हायचं कारण नाही.

वजन आणि माप या बाबतीत तर फसवणूकच कठीण होते. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. नीट कापलेला गोल हिरा ६.५ मिलिमीटरचा असेल तर एक कॅरेटच्या आसपास, ५.२ चा अर्धा कॅरेट, ४.१ चा पाव कॅरेट, ३ चा दहा-अकरा सेंट. सुटा खडा असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.००६१, सगळं मिलिमीटरमध्ये, हे सूत्र वापरावं. ६.५ मिलिमीटर व्यास, ४ मिलिमीटर खोली असेल तर उत्तर १.०३ कॅरेट येतं. तोच खडा काट्यावर १.७० दाखवत असेल तर तो अमेरिकन डायमंड, कारण त्याची घनता हिऱ्याच्या दीडपटीहून जास्त आहे. ०.९४ च्या आसपास दाखवत असेल तर मॉयसनाइट. तो हिऱ्याहून थोडा हलका. काटा मात्र मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा.

कोंदणात बसवलेल्या दागिन्यात हाच हिशेब बिलावर तपासता येतो. समजा पेंडंटचं एकूण वजन ४.८६० ग्रॅम आणि हिरे ८० सेंट. ८० सेंट म्हणजे ०.१६० ग्रॅम. मग सोन्याचं निव्वळ वजन ४.७०० ग्रॅम लिहिलेलं हवं. ४.८६० ग्रॅमवर सोन्याचा भाव लावून वर हिऱ्यांचेही पैसे घेतले, तर तेच वजन दोनदा विकलं गेलं.

आता लॅब-ग्रोन. याला नकली म्हणणं चूक आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाबाखाली हिरा बनवला, पुढे वायूतून थरावर थर जमवण्याची सीव्हीडी पद्धत आली, आणि आता सुरतेत असा माल मोठ्या प्रमाणावर तयार होतो. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या फर्स्ट लेडींना भेट दिला तो ७.५ कॅरेटचा हिरा लॅब-ग्रोनच होता. कार्बन तोच, कठीणता तीच, घनता ३.५२ तीच. पेन टेस्टर, मल्टी टेस्टर, लूप, वजनकाटा, सगळे त्याला हिरा म्हणणार, बोरॉनवाल्या खड्यावर मल्टी टेस्टर चुकतो तेवढं सोडून. फरक किमतीत, आणि तो फार मोठा आहे. एक कॅरेटच्या खड्यात नैसर्गिकची किंमत लॅब-ग्रोनच्या कित्येक पट असते. पुन्हा विकायला गेल्यावर लॅब-ग्रोन परत घ्यायचा की नाही, हे दुकानागणिक बदलतं. म्हणून लॅब-ग्रोन घ्यायला हरकत नाही, नैसर्गिकच्या भावात घ्यायला आहे.

तो ओळखायची यंत्रं वेगळी आणि लाखांतली. नैसर्गिक हिऱ्यांपैकी सुमारे ९८ टक्क्यांत नायट्रोजन मोजता येण्याइतका असतो. रंगहीन लॅब-ग्रोन जवळजवळ सगळे नायट्रोजन नसलेल्या जातीत मोडतात. यंत्रं अतिनील किरणांनी हा फरक किंवा किरण बंद केल्यावर उरणारी चमक पकडतात. जो खडा या जातीत येतो तो ‘पुढे पाठवा’ म्हणून बाजूला निघतो, आणि अंतिम निकाल प्रयोगशाळेचा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूव्ही टॉर्चने हे होत नाही. त्या टॉर्चखाली नैसर्गिक हिऱ्यांपैकी २५ ते ३५ टक्केच निळसर चमकतात, म्हणजे न चमकणारा खडा खोटा असं म्हटलं तर बहुसंख्य खरे हिरे बाद होतील. पेनात यूव्हीचा दिवा बसवून ‘लॅब-ग्रोन डिटेक्टर’ म्हणून विकलेली मॉडेलं घेऊ नयेत.

घरगुती परीक्षांचं थोडक्यात उरकतो. हिरा पाण्यात बुडतो, अगदी बरोबर, पण काचही बुडते. काचेवर ओरखडा काढतो, तर गारगोटीही काढते. फुंकर मारून वाफ किती लवकर जाते ते पाहणं तत्त्व म्हणून बरोबर आहे, कारण ते पेन टेस्टरचंच गरीब भावंड, पण मॉयसनाइटवरही वाफ तशीच उडते. वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं दिसतात का ते सुट्या गोल खड्यालाच लागू, तेही मॉयसनाइट सोडून. आणि हातोडी तर मुळीच नको. हिरा कठीण आहे, अभंग नाही. ठरावीक दिशेने घाव बसला की सरळ दुभंगतो.

टेस्टर जिथे कुचकामी ठरतो अशी एक जागा आपल्या घराघरांत असते, आजीच्या कुड्या आणि जुन्या नथी. बंद कोंदणातल्या खड्याला मागून डाक लावलेली असते, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा. खडा चपटा, पोलकी किंवा रोझ कटचा. टेबल सपाट नसल्याने टोक नीट टेकत नाही, खाली लाख किंवा हवा असते, आणि खरा हिरा पिवळ्यावर अडकतो. उलट काच चांगल्या डाकेवर बसवली की डोळ्याला हिरा भासते. डाक ओली झाली की काळवंडते, म्हणून असा दागिना भिजवूही नये. वर सांगितलेली वाटी यासाठी नाही. इथे अनुभवी जडावकाराकडून एक खडा उघडून घेणं हाच मार्ग. कुंदन, पोलकी, जडावाच्या दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, तेव्हा तिथे सोन्याचाही टंच वेगळा काढून घ्यावा.

हॉलमार्कवरून आठवलं. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, १८के७५० सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, ही पद्धत १ एप्रिल २०२३ पासून दुकानातल्या विक्रीला सक्तीची आहे, आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून तपासता येतो. पण हा शिक्का सोन्याचा. खड्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. साताऱ्याच्या मोती चौकात असो की सांगलीत, “हॉलमार्क आहे ना, मग हिरा पण खरा” हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबायचं.

खड्याचा कागद वेगळा. आयजीआय, जीआयए यांसारख्या प्रयोगशाळांचा रिपोर्ट नंबर त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. आयजीआयच्या लॅब-ग्रोन रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि नंबरची सुरुवात ‘एलजी’ने होते. मोठ्या खड्याच्या गर्डलवर नंबर लेझरने कोरलेला असतो, तो लूपने वाचावा. नंबर जुळला म्हणून विषय संपत नाही. खोटा नंबर कोरलेले खडे प्रयोगशाळांनी पकडलेले आहेत. रिपोर्टवरचे मिलिमीटरमधले व्यास आणि आतल्या डागांची जागा प्रत्यक्ष खड्याशी जुळवावी. व्हर्निअरने ६.४८ च्या जागी ६.३० येत असेल तर कागद एकाचा आणि खडा दुसऱ्याचा. पूर्ण दागिन्याच्या रिपोर्टमध्ये ‘कोंदणात बसवलेल्या स्थितीत जेवढं दिसतं तेवढं’ अशी अट असते, ती वाचून घ्यावी. बारीक खड्यांच्या घाऊक मालात लॅब-ग्रोन मिसळलेले येणं ही व्यापाऱ्यांचीच डोकेदुखी आहे, त्यामुळे खूप खड्यांच्या दागिन्यात दुकानदाराने माल मशीनवर तपासून घेतला का, हे विचारणं गैर नाही.

बिलावर नुसतं ‘डायमंड’ नको, ‘नॅचरल डायमंड’ किंवा ‘लॅब-ग्रोन डायमंड’ असं पूर्ण लिहून घ्यावं. त्याच्यापुढे खड्यांची संख्या, एकूण सेंट, रंग आणि शुद्धता म्हणजे ईएफ-व्हीव्हीएस की जीएच-एसआय, कॅरेटचा दर, सोन्याचं निव्वळ वजन, मजुरी, आणि परत घेताना किती टक्के हेही. तोंडी ‘आपलंच दुकान आहे’ हे पुढच्या पिढीला चालत नाही.

दुरुस्तीला देताना एक गोष्ट लोक विसरतात. अंगठीचा साइज वाढवताना ज्योतीची झळ लागली आणि खड्यावर बोरिक पावडरचा लेप नीट नसेल, तर हिऱ्याचा वरचा थर जळून तो धुकट पांढरा पडतो. घरी आल्यावर ‘खडा बदलला’ म्हणून गोंधळ होतो. टेस्टर त्यावर लाल दाखवतोच, आणि पुन्हा पॉलिश करून पाणी परत येतं. पण वाद टाळायचा तर देण्याआधीच लूपमागे मोबाइलचा कॅमेरा धरून खड्यातल्या डागांचा फोटो काढावा आणि पावतीवर मिलिग्रॅमसह वजन लिहून घ्यावं. चिरा काचेने भरलेला हिरा असेल तर झळ लागल्यावर भरण बाहेर येतं. लूपखाली हलवताना चिरेत केशरी-निळी झाक चमकत असेल तर कारागिराला आधी सांगावं.

पेन टेस्टर घ्यायचाच असेल तर टोकाला टोपण असलेला, धातूचा इशारा वेगळ्या आवाजात देणारा घ्यावा, आणि डबी उघडताच एका ओळखीच्या हिऱ्यावर, एका अमेरिकन डायमंडवर आणि स्टीलच्या चमच्यावर लावून तिन्ही निकाल वेगळे येतात का ते पाहावं. न आल्यास परत करण्याची मुदत संपायच्या आत परत. वापर झाला की बॅटरी काढून ठेवायची. कपाटात पडून बॅटरी फुगली की स्प्रिंगला हिरवा गंज चढतो आणि पुढच्या लग्नसराईत मशीन सुरूच होत नाही.